तिघींचं एकच अंग

"यंदाच्या यात्रेत अख्ख्या येरमाळ्याचे डोळे उघडणार आहेत, अप्पा. तुमचेसुद्धा!" महेश्वरीनं काउंटरवर मापाची टेप आपटून जाहीर केलं.

दुपारचं जेवण नुकतंच झाल्यामुळं अप्पांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, डोळे त्या घटकेला मिटलेले होते. त्यांनी त्यातला एकच उघडला, लेकीकडं पाहिलं आणि परत मिटला. लेक भौतिकशास्त्रात बीएस्सी झाल्यापासून घरात अशा घोषणा अधूनमधून होत. मागची घोषणा फ्रीजच्या पाठीमागच्या उष्णतेवर दही लावण्याची होती. फ्रीज अजून भिंतीपासून लांबच उभा होता, कारण त्या दह्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं.

ह्या वेळचा शोध मात्र दुकानाचाच होता. हायवेच्या फाट्यावर अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या दारात फायबरचा एक पुतळा. नाक थोडं उडालेलं, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि चेहरा असा की गिऱ्हाइकाचं काही चुकलंच असावं. महेश्वरीनं उत्सुकतेपोटी त्या पुतळ्याची मापं घेतली आणि महिनोन्‌महिने दुकानात येणाऱ्या बायकांच्या मापांशी ताडून पाहिली. पुतळ्याच्या मापाची एकही बाई निघाली नाही. त्यातल्या त्यात जवळ आली ती सहावीतली एक मुलगी, आणि तिलासुद्धा तेवढी लांब मान नव्हती. म्हणजे जी बाई जगात कुठंच नाही, तिच्या मापाकडं बघून गावातल्या सगळ्या बायका स्वतःला लाजत होत्या! महेश्वरीला ते ऐकून नव्हे, मोजून धक्का बसला.

म्हणून तिनं ठरवलं, की यात्रेच्या तोंडावर दुकानाच्या तयार ब्लाउजचा जो मोठा फ्लेक्स फाट्यावर लागतो, त्यावर कापड कंपनीनं फुकट पाठवलेल्या फोटोतली गोरी, सडपातळ पोरगी नको. गावातल्या खऱ्या बायका पाहिजेत, आणि त्या जशा आहेत तशा.

"तसलं बघाया पैसे देऊन यात्रंला कोण येतंय?" अप्पांनी डोळे न उघडता विचारलं. पण लेकीपुढं फार वेळ टिकायची त्यांना सवय नव्हती. एवढी यात्रा तुझा फ्लेक्स, गिऱ्हाईक हसलं तर कंपनीची पोरगी कायमची, असं ठरलं. "आन तू का न्हाय उभी राहत फोटोत?" असंही त्यांनी जाता जाता विचारलं. महेश्वरी घाईनं म्हणाली, की निरीक्षकानं प्रयोगात शिरायचं नसतं. आणि नेहमीसारखी खांदे पुढं पाडून, दाराच्या चौकटीखालून वाकून बाहेर गेली. ती एवढी उंच होती की वाकण्याचं तिच्या आता लक्षातही येत नसे.

फोटोसाठी बानूबाई लगेच तयार झाली. सत्तरीची, मेंढरांमागं चालून चालून कमरेत वाकलेली, आणि डाव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेलेली. तिचं म्हणणं एवढंच, की फोटो काढताना मेंढरं कोणीतरी राखावीत. दुसरी मंजुषा, झेडपीच्या शाळेतली बाई, इतकी बारीक की पोरं पाठीमागं तिला खडू म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. तीही हो-नाही करत आली.

खरा प्रश्न होता महानंदा काकूंचा. काकू म्हणजे महेश्वरीची चुलती. दुकानातला एकूण एक तयार ब्लाउज त्यांच्या हातचा. अंगानं भरभक्कम, आणि हातात कात्री आली की अख्ख्या तालुक्यात त्यांना तोड नव्हती. पण कॅमेरा दिसला की ही एवढी बाई कुठं गडप होई, ते कळत नसे. घरातल्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये मिळून काकू म्हणजे एक कोपर, पाण्याच्या जारमागून आलेला पदराचा तुकडा, आणि इतरांच्या पिशव्या सांभाळणारा एक हात. नवीन लग्न झालेलं असताना फोटोत कोणीतरी त्यांना बघून "पिंप" म्हणालं होतं. म्हणणारा विसरला. काकू विसरल्या नाहीत.

महेश्वरी आठवडाभर त्यांच्या मशीनपाशी बसून राहिली. शेवटी काकूंनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "एकदा. तुझ्यासाठी. लोक हसले, तर पुन्हा ह्या जन्मात मला फोटोचं नाव काढायचं न्हाय."

फ्लेक्स फसला तर अप्पा हसतील, ते सोसता येईल. पण काकूंना हे एकदाच मिळणार होतं.

फोटोचं काम पंचाक्षरी मामांकडं होतं. बसस्टँडसमोरचा त्यांचा स्टुडिओ जुना, आणि त्यांची ख्याती वेगळीच. गावाकडं म्हातारं माणूस जातं आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं, की भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो नाही. मग ते आधार कार्ड घेऊन नाहीतर कुठल्यातरी लग्नातलं इवलंसं तोंड घेऊन मामांकडं येत. मामा त्यातून असा फोटो उभा करत की मुलं फोटो घेऊन जाताना रडत. "मेलेल्या माणसाला बी मी तजेला आणतो," ते सांगत, आणि त्यात फुशारकी नव्हती.

असा माणूस नटवण्याच्या बाबतीत धोकादायक, हे महेश्वरीनं आधीच ताडलं होतं. म्हणून तिनं तीन नियम घालून दिले. कुणालाही बारीक करायचं नाही. कुणालाही गोरं करायचं नाही. चेहऱ्यावरची सुरकुती, तीळ, डाग, काहीही पुसायचं नाही. मामांनी तिन्ही नियम मोठ्यानं म्हणून दाखवले आणि शब्द दिला. दोन दिवसांनी त्यांनी मोबाईलवर तिघींचे चेहरे मोठे करून पाठवले. महेश्वरीनं बानूबाईच्या सुरकुत्या आणि काकूंच्या हनुवटीवरचा तीळ मूळ फोटोशी ताडून पाहिला. सगळं जागच्या जागी! तिनं कळवलं, "एकदम बरोबर. छापा."

मामांनी नियम मोडला नाही, हे इथंच सांगितलेलं बरं. मोडला असता तर एवढं झालं नसतं.

यात्रेच्या आदल्या सकाळी महेश्वरी लोकांचे उघडलेले डोळे बघायला फाट्यावर गेली, तर डोळे उघडे नव्हते, मिटलेले होते. फ्लेक्सखाली दहा-पंधरा माणसं हात जोडून उभी होती. बेंबळीच्या गाडीतून उतरलेला एक धिप्पाड माणूस डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. कोणीतरी फ्लेक्सच्या बांबूला झेंडूचा हार बांधला होता. खाली उदबत्ती लागली होती.

महेश्वरीनं वर पाहिलं.

वर मंजुषा होती, पण मंजुषा नव्हती. खडूसारख्या मानेवर तिचंच तोंड, आणि मानेखाली एक चांगली भरदार, रुंद खांद्यांची बाई! शेजारी बानूबाई, कंबर ताठ, छाती पुढं, सत्तरीचं तोंड घेऊन. तीही तीच बाई. तिसऱ्या काकू. तेच अंग, तेच हिरवं इरकल लुगडं, उजवा हात डाव्या हातावर ठेवण्याची तीच पद्धत, मनगटावर तोच एक काळसर डाग. ब्लाउजचे रंग तेवढे तीन होते. मालाच्या बाबतीत मामांनी फसवणूक केली नव्हती.

फ्लेक्स ठरल्यापासून ती ह्या भीतीत होती, की कोणीतरी ह्या बायकांना बारीक करेल. कोणी त्यांना जाड करेल, हे भौतिकशास्त्राच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

तरी सवयीनं तिनं निरीक्षण केलं. मंजुषाच्या गळ्यापाशी कातडीचा रंग बदलत होता. बानूबाईचं डोकं खांद्यांच्या मध्यावर नव्हतं, जरा उजवीकडं सरकून बसलं होतं. काकूंच्या मानेला मात्र सांधाच दिसत नव्हता. उन्हाची तिरीप असेल, असं म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं. विज्ञानात असं करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"तिघी एकदमच गेल्या व्हय?" शेजारच्या म्हातारीनं हळूच विचारलं. "गाडीचं काय झालं म्हणायचं?"

"कोण गेल्या?"

म्हातारीनं वर बोट केलं. महेश्वरी सांगू लागली की ही जाहिरात आहे. तोवर टोपीवाला माणूस जवळ आला. बब्रुवान त्याचं नाव. तो म्हणाला, "ताई, जाहिरात कशी असंल? ही तर आमची आई हाय."

"ह्यातली कुठली?"

"तोंड सोडून सगळी." त्यानं नाक पुसलं. "त्येच लुगडं, त्येच हात. आमच्या भिंतीवर हाय की. रोज उदबत्ती लावतो म्या."

"आमच्या आत्याचे बी हेच हात," मागून एक बाई म्हणाली.

"आमच्या सासूचे पण."

मग महेश्वरीला उलगडा झाला. तालुक्यातल्या घराघरांत, हार घालून टांगलेल्या मेलेल्या बायकांच्या मानेखाली हेच अंग होतं! लोकांनी ते इतक्या वर्षांत इतक्या भिंतींवर पाहिलं होतं, की हे अंग दिसलं म्हणजे वरची बाई गेली, एवढं त्यांना न सांगता कळत होतं.

तेवढ्यात शाळेला निघालेली स्वर्गवासी मंजुषा स्कूटीवरून तिथं आली. गर्दीतून एक आवाज उठला आणि लोक दोन पावलं मागं सरले. एका बाईनं पुढं होऊन तिच्या दंडाला बोट लावून पाहिलं. त्याच वेळी मंजुषाचा फोन वाजला. फ्लेक्सची बातमी तामलवाडीपर्यंत पोचली होती आणि तिथून तिची आई हंबरडा फोडत होती. मंजुषा तिला म्हणाली की अगं मी बोलतेय, तर आई म्हणाली, "व्हय गं बाई, तुझाच आवाज कानात घुमतुया," आणि आणखी जोरात रडू लागली.

मागोमाग मेंढरं घेऊन बानूबाई आली. तिला स्वतःच्या मरणाचं काही वाटलं नाही. तिनं कपाळावर हात धरून बराच वेळ फ्लेक्स न्याहाळला, मग आपला डावा हात डोळ्यांपुढं धरला, परत वर पाहिलं.

"माझी दोन बोटं कुठं सापडली गं?" तिनं विचारलं. "इतकी वर्सं म्या त्या मशिनीतच गेली समजत हुते."

महेश्वरीला आता उभं राहवेना. लोक अजून हात जोडूनच बघत होते, पण हात सुटले की हसू फुटणार. आणि काकू दुकान उघडायला कोणत्याही क्षणी येणार. ती स्टुडिओकडं पळत सुटली. बब्रुवान टोपी हातात धरून मागोमाग निघाला, कारण आपल्या आईचं अंग नेमकं कुणाचं आहे, हे विचारायचा हक्क त्याला होताच.

पंचाक्षरी मामा शांतपणे चहा पीत होते. महेश्वरी दारातूनच ओरडली की तुम्ही शब्द मोडलात. मामांना मनापासून धक्का बसला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि बोटावर मोजून दाखवलं. बारीक कुणाला केलंय? कुणाला नाही. गोरं? नाही. तोंडावरचा एक तरी तीळ हलवलाय?

"पण अंगं, मामा! अंगं बदललीत तुम्ही!"

"ताई, फोटो म्हंजे तोंड," मामा समजावणीच्या सुरात म्हणाले. "खालचं काय, ती फ्रेम. शाळेच्या बाईंच्या अंगावर ब्लाउज खुंटीला टांगल्यावानी दिसायला. बानूबाई काठी सोडंना. जाहिरात चांगली व्हावी म्हणून चांगली फ्रेम लावली. माझ्याकडची एक नंबर बॉडी हाय ती. कोणालाबी बसती, आन जिला बसती ती सुखी घरची दिसती."

"आन ती बॉडी कुणाची?" बब्रुवाननं विचारलं.

मामा जरा घुटमळले. मग त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, एक जुनी फाईल उघडली आणि बाजूला सरकले. लग्नाचा मांडव. मध्यभागी नवरा-नवरी नव्हतेच. कोणीतरी हाक मारल्यासारखी एक तरणीताठी बाई वळून बघत होती. हिरवं इरकल, हातावर हात, मनगटावर इस्त्रीचा चटका. आणि वर, हनुवटीवर तीळ असलेलं हसरं तोंड.

महानंदा काकू.

"तुमच्याच घरचं लगीन हुतं," मामा म्हणाले. "जन्मात एवढा चांगला फोटो माझ्या हातून निघाला न्हवता. दाखवला तर त्या म्हणल्या, माझं तोंड काढून टाका त्यातलं. मग काढलं. बाकीचं काढा म्हणल्या न्हवत्या."

म्हणजे काकूंच्या मानेला सांधा दिसला नाही, कारण तिथं सांधा नव्हताच. अख्ख्या फ्लेक्सवर जशी आहे तशी एकच बाई होती, आणि तीही चुकून!

तिघं फाट्यावर परतले तेव्हा काकू फ्लेक्सखाली उभ्या होत्या. हातात दुकानाच्या किल्ल्या, समोर उदबत्ती, भोवती लोक. महेश्वरीनं जीव मुठीत धरून त्यांच्याकडं पाहिलं. काकू वर बघत होत्या. मग त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि आपल्या मनगटावरचा चटका पाहिला. मग परत वर.

"ह्यो माझा हात हाय," त्या म्हणाल्या. "आन त्या दोघींचा बी माझाच हाय."

मामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. कधीपासून, किती घरांत, ते सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. तेवढ्यात बब्रुवान पुढं झाला आणि भर फाट्यावर त्यानं काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. काकू दचकून मागं सरल्या.

"उठा वो. म्या काय तुमची आई न्हाय."

"गळ्याखाली हायसा," बब्रुवान म्हणाला. "आई शेवटी लई वाळली हुती. घरात एक बी फोटो न्हवता धड. तुमच्या अंगामुळं ती आमाला तशी दिसती, धडधाकट. आता तो फोटो काढून ठेवावा लागंल का, तेवढं सांगा."

काकूंचा चेहरा बघून महेश्वरीला वाटलं, आता ह्या रडणार, आणि मग संपलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला खरा.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगात तुमची आई सुखी दिसत असंल तर राहू द्या. फकस्त निवदाला भज्याचं ताट कमी ठेवत जावा. मला पित्त हुतंय."

आधी बानूबाई हसली. मग सगळा फाटा हसला, आणि काकू सगळ्यांत जास्त हसल्या. हसता हसता त्यांनी मामांकडं मोर्चा वळवला. "इतकी वर्सं म्या जारामागं लपायली, आन तुमी मला घरोघरी टांगायलाव व्हय?"

मामांनी कान पकडले.

"फ्लेक्स उतरवा," काकूंनी फर्मावलं. महेश्वरीचा चेहरा पडला. पण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता दुसरा काढायचा. ज्येच्या त्येच्या अंगानं. आन माझं तोंड माझ्या अंगावर मुद्दाम ठेवायचं, चुकून न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या, एक मंजुषा सोडून. ती स्कूटीला टेकून अजून वर बघत होती. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, की निदान यात्रा होईपर्यंत तिचा ठेवला तर चालेल का. असे खांदे तिला पहिल्यांदाच मिळाले होते, आणि सकाळपासून शाळेतलं एक पोरगं तिला खडू म्हणालं नव्हतं. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, की चुण्या घालून तुझ्या मापाचा असा ब्लाउज शिवते, की खडूनंसुद्धा फळ्यावर ऐटीत उभं राहावं.

दुपारी स्टुडिओत चौघी जमल्या. बानूबाई काठीसकट आणि आठ बोटांसकट उभी राहिली. मंजुषा नव्या ब्लाउजात. काकू मधोमध, समोर तोंड करून, कोणाचीही पिशवी हातात न घेता. मामांनी एकही फ्रेम वापरली नाही. मोठ्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा महेश्वरीनं तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला आणि समाधानानं मान हलवली.

काकूंनी मात्र डाव्या कडेला बोट ठेवलं. "हे कोपर कुणाचं?"

कडेला एक कोपर होतं. त्या कोपराला तिघींच्या पिशव्या अडकवलेल्या होत्या, आणि पाण्याच्या बाटलीमागून एका कुर्त्याचा तुकडा दिसत होता.

महेश्वरीनं खांदे आणखी पुढं पाडले. "मी... मी निरीक्षक आहे, काकू."

"निरीक्षकाला ब्लाउज लागत न्हाय व्हय?" काकूंनी गळ्यातली टेप काढली. "साऱ्या गावाची मापं घेतलीस. तुझं कुठाय? ये हिकडं. सरळ उभी राहा. अगं, सरळ म्हंजे सरळ."

महेश्वरी कितीतरी वर्षांनी सरळ उभी राहिली. काकूंनी माप घेतलं, एक ब्लाउज टाचून घातला, इरकल नेसवलं आणि तिला आपल्या शेजारी उभं केलं. बानूबाईनं खालून वर बघता बघता काठी घट्ट धरली. मामा कॅमेऱ्यामागं गेले, मागं सरकले, आणखी मागं सरकले, भिंतीला पाठ लागली.

"काय झालं?" महेश्वरीनं घाबरून विचारलं.

"काय न्हाय, ताई. उंचीमुळं तेवढं डोकं बाहेर जातंय," मामा म्हणाले. "हलू नका तुमी. तोंड मी नंतर बसवतो."